इंजिनाचा पंखा सुरू होत नाही? मोटर विकत घेण्याआधी हे तपासा

हायवेवर तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण सिग्नलला थांबलं की वर चढू लागतो, तर संशय पंख्यावर घ्या. वेगात गाडीला समोरून येणारा वारा पुरतो. उभ्या गाडीत रेडिएटरमधून हवा ओढायला पंखाच लागतो. वेगातही गाडी तापत असेल तर कूलंटची पातळी, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कूलंटला वाट देणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप आणि चोंदलेला रेडिएटर आधी बघा.

गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा अचानक फिरतो, त्यामुळे त्याच्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

काटा मधोमध असताना पंखा बंद असेल तर तो बिघाड नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि पंखा बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५ च्या दरम्यान लागतो. इंजिन थंड असताना कूलंटही बघून घ्या. ते कमी असेल किंवा हवा अडकली असेल तर तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडत नाही, त्याला खरं तापमान कळत नाही, आणि सगळं ठीक असूनही पंखा लागत नाही.

आता एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा काही सेकंदांत सुरू होतो. एसीवर फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर सोडा, सेन्सरकडे जा. उलट एसीवरही फिरला नाही म्हणून मोटर गेली असं लगेच समजू नका: एसीचा गॅस कमी असेल तर कॉम्प्रेसरच लागत नाही आणि पंखाही गप्प राहू शकतो.

खरा निकाल मोटर डायरेक्ट करून लागतो. हाताने पाती फिरवून बघा, मग कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढून बॅटरीपासून जाड वायरी (२.५ चौरस मिमी) थेट मोटरला द्या, प्लसच्या वायरीत ३० अँपिअरचा फ्यूज घालून. ही चाचणी दोन वायरींच्या मोटरचीच. तीन-चार वायरी असतील तर आत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असू शकतं. तिथे स्कॅनरनेच (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं तपासणीचं यंत्र) पंखा चालवून बघा. मोटर टिचकी मारल्यावरच सुरू होत असेल तर कार्बन ब्रश झिजलेत. आज चालली तरी ती बदलायचीच.

काढलेला कपलर उजेडात नीट बघा. पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलंय किंवा वितळलंय का? सैल पिनमधून मोठा करंट गेला की ती तापते, तापली की आणखी सैल होते. नवी मोटर जुन्याच कपलरवर लावली की काही दिवसांत तक्रार परत येते, आणि दोष बिचाऱ्या मोटरच्या माथी जातो.

मोटर चांगली निघाली तर फ्यूज आणि रिले (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी न बघता दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावा. नवा फ्यूज घालताच उडाला तर वायरीत किंवा मोटरमध्ये शॉर्ट आहे. पंखा थोडा वेळ फिरून मग फ्यूज उडाला तर मोटर जड होऊन जास्त करंट खाते आहे. मोठा फ्यूज घालणं म्हणजे वायरिंग जाळणं.

रिले त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी बदलून बघा. ‘टिक’ वाजला म्हणजे रिले चांगला असं नाही. आतले कॉन्टॅक्ट जळलेले असू शकतात. फरक पडला नाही तर रिले काढून सॉकेटमधल्या ३० नंबरला (बॅटरीकडून येणारी पिन) लॅम्प लावा, तिथे करंट हवा. मग ३० आणि ८७ (पंख्याकडे जाणारी पिन) फ्यूजवाल्या जाड वायरीने जोडा. पंखा फिरला तर दोष ८५-८६ च्या (रिलेला हुकूम देणाऱ्या पिना) बाजूला, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर किंवा त्यांच्या वायरीत. नाही फिरला तर पुढची वायर किंवा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी). चालत्या पंख्याच्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ घासून साफ करा.

सेन्सरची सोपी परीक्षा: इंजिन चालू ठेवून त्याचा कपलर काढा. बऱ्याच गाड्यांत ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा लावतो. लागला तर मोटर, रिले, वायरी निर्दोष, संशय सेन्सरवर. कपलर परत लावून ईसीयूत राहिलेला बिघाडाचा कोड पुसा. स्कॅनर असेल तर रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचा आकडा बाहेरच्या हवेइतकाच दिसायला हवा. पी०४८० हा कोड पंख्याच्या कंट्रोल सर्किटचा, पी०११७ आणि पी०११८ सेन्सरच्या सर्किटचे.

दोन स्पीडच्या पंख्यात फक्त हळू स्पीड गेला असेल तर आधी रेझिस्टर (करंट कमी करून पंखा हळू फिरवणारा भाग) बघा.

दुरुस्तीनंतर एसी बंद ठेवून गाडी उभ्याने चालू ठेवा. पंखा लागून, काटा उतरून, पुन्हा बंद झाला, असं दोनदा झालं की मगच बॉनेट लावा.