गोकाकचा धबधबा बसनं बघायला येताय? या चुका टाळा

दर पावसाळ्यात आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि पाठीवरची सॅक खाली ठेवायच्या आधी विचारतात, "गोकाक किती लांब?" वीसेक वर्षं मी हा धबधबा बघत आले आहे, तोही जवळजवळ दर वेळी बसनं. एवढ्या वर्षांत बस बदलल्या, रस्ते बदलले, पण येणारे लोक चुका त्याच करतात. तेच तेच फोनवर सांगून आता थकले, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

नुसतं "गोकाक" म्हणून तिकीट काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. गोकाक हे बेळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. धबधबा तिथून सहा किलोमीटरवर, कोण्णूरच्या बाजूला, गोकाक फॉल्स म्हणतात तिथे. आणि गोकाक रोड हे मिरज-बेळगाव रेल्वेमार्गावरचं स्टेशन. तीन नावं, तीन वेगळ्या जागा.

बेळगावहून अंकलगीमार्गे आलात तर आधी गोकाक गाव लागतं. तिथे उतरायचं आणि कोण्णूर-घटप्रभेकडची बस धरायची. कोल्हापूर-निपाणीकडून येणाऱ्यांचं नेमकं उलट. संकेश्वर, हुक्केरी, घटप्रभा करत आलात की फॉल्स आधी, गोकाक नंतर.

चार वर्षांपूर्वी जुलैत माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र पुण्याहून रात्रीच्या खासगी स्लीपरनं निघाले. मी सांगितलं होतं, सरळ बेळगावला या, अंघोळ करा, नाष्टा करा, मग सकाळच्या बसनं जा. पण त्यानं फोनवर नकाशा बघितला. संकेश्वर हायवेवरच आहे, तिथून गोकाक जवळ, मग पन्नास किलोमीटर पुढे बेळगावला जाऊन परत का यायचं? कागदावर त्याचं बरोबर होतं. पहाटे साडेतीनला माझा फोन वाजला. "मावशी, आम्ही उतरलोय, पण इथे गावच नाही."

गाव असणार कुठून? लांब पल्ल्याच्या बहुतेक खासगी गाड्या रात्री गावात शिरत नाहीत. बायपासच्या कडेला दार उघडतात, तुमची सॅक डिकीतून काढतात आणि जातात. वरून पाऊस, शेजारून ट्रक, पाट्या कानडीत. तिघांत रेनकव्हर एकाच्याच सॅकवर. बाकी दोघांचं अंथरूण-पांघरूण सॅकच्या आतच भिजून जड झालेलं. त्यात ते अंधारात हायवेच्या कडेनं चालायला लागले होते. मी म्हटलं, आधी थांबा, मागं-पुढं बघा, उजेड कुठे दिसतोय? एक पेट्रोल पंप दिसत होता. तिथे जाऊन बसा आणि उजाडेपर्यंत हलू नका, एवढंच सांगितलं. उजाडेपर्यंत माझ्याही डोळ्याला डोळा लागला नाही.

सहानंतर ते संकेश्वरच्या स्टँडवर पोचले, गोकाकच्या बसमध्ये बसले, "गोकाक, तीन" म्हणून तिकीट काढलं आणि झोपले. फॉल्स आला, गेला. कंडक्टरनं त्यांना गोकाकच्या स्टँडवर उठवलं, कारण तिकीट तिथलंच होतं. मग टमटम करून परत मागं. धबधब्यावर पोचले तेव्हा दहा वाजले होते आणि अंगात काही त्राण उरलं नव्हतं. तिथल्या महालिंगेश्वराच्या जुन्या चालुक्यकालीन देवळात टेकले आणि तिथेच झोपले. पुण्याहून रात्रभर आले आणि धबधबा बघितला अर्धा तास.

म्हणून मी काय करते ते सांगते. रात्रीची गाडी अशी धरायची की उजाडल्यावर उतरायला मिळेल आणि ती स्टँडच्या आत येईल. सरकारी बस स्टँडवर येते, तिथे दिवे असतात, चहा असतो, बायकांना जायला जागा असते. तासभर जास्त जातो तर जाऊ दे. दुसरं, तिकीट काढतानाच "गोकाक फॉल्स" असं पूर्ण नाव घ्यायचं आणि कंडक्टरला सांगून ठेवायचं, "फॉल्स बंदाग हेळ्रि", म्हणजे फॉल्स आला की सांगा. बेळगावात मराठीवर सगळं भागतं, गोकाककडे सरकाल तशी कानडी वाढत जाते. पण एवढं एक वाक्य बोललात की कंडक्टरच काय, शेजारची आजीसुद्धा तुम्हाला उतरवल्याशिवाय राहत नाही. पाटी ओळखायची असेल तर गोकाक या नावाची शेवटची दोन अक्षरं कानडीतही जवळजवळ एकमेकांसारखी दिसतात. तरी तोंडानं विचाराच.

पाणी आहे का हे न विचारता येणं

एप्रिल-मेच्या सुट्टीत येणाऱ्यांना मी स्पष्ट नको म्हणते. ५२ मीटरचा कडा, पण त्यावर कोरडा तांबूस खडक आणि एखाद-दुसरी धार. फोटोत दिसतो तो घोड्याच्या नालेच्या आकाराचा अख्खा पडदा ऑगस्टमधला असतो.

घटप्रभेचं पाणी वरच्या वर वाटलं जातं. आधी हिडकलचं ५१ टीएमसीचं (म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, मग धबधब्याच्या थोडं वर धुपदाळचा एकोणिसाव्या शतकातला बंधारा, तिथून कालवा. १८८७ साली सुरू झालेली इथली सूतगिरणीसुद्धा याच पाण्याच्या जोरावर उभी राहिली. उन्हाळ्यात शेताला आणि पिण्याला पाणी देऊन कड्यावर काय उरणार?

आणि बेळगावात धो-धो पाऊस आहे म्हणून गोकाकला पाणी असेल असंही नाही. घटप्रभा आणि ताम्रपर्णीचं पाणी चंदगडच्या बाजूनं येतं, हिरण्यकेशीचं आंबोली-आजऱ्याकडून. हिरण्यकेशी संकेश्वरावरून येऊन धरणाच्या खाली मिळते, म्हणून हिडकल भरायच्या आधीही जुलैत धबधबा चांगला वाजतो. धरण भरून दारं उघडली की मग बघायलाच नको. मी निघायच्या आधी दोनच गोष्टी बघते, आंबोलीला पाऊस किती आणि हिडकलमधून पाणी सोडलंय का. दोन्ही रोजच्या पेपरात येतं.

अति पाण्यातही येऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोकाक गावातच पाणी शिरलं होतं. अशा वेळी तिथल्या लोकांना त्यांची घरं सावरू द्यावीत.

पुढच्या खडकावर जाऊन बसणं

यावर मी कितीही लिहिलं तरी थोडंच. तीनशे किलोमीटर आलोय, लांबून काय बघायचं, असं म्हणून लोक काठ सोडून पुढे जातात. वरचा खडक सपाट आहे, अंगणासारखा पसरलेला, त्यामुळे भीती वाटत नाही. पण तो कड्याच्या टोकापर्यंत तसाच सपाट आहे, आणि त्यावरचं शेवाळ ओलं असताना दिसत नाही.

एका ऑगस्टमध्ये आमच्यापासून थोड्या अंतरावर कॉलेजची चार मुलं पाण्याजवळच्या खडकावर बसली होती. पायात रबरी चपला, सॅक शेजारी, भज्यांचा कागद उघडलेला. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा काठावरून ओरडायला लागला. कानडीत ओरडत होता, मुलांना कळेना, ती हात हलवून हसत होती. मी पाण्याकडे बघितलं. मघाशी फिकट असलेलं पाणी गढूळ झालं होतं आणि त्यावरून काटक्या, उसाची पाचटं वाहत येत होती. मी मराठीत ओरडले, "उठा, सॅक सोडा, आधी उठा!" ती उठली. एक जण सॅक उचलायला परत वाकला तेव्हा पाणी त्याच्या घोट्याला लागलं होतं. दहा-बारा मिनिटांनी तो खडक कुठे होता हे दाखवता येत नव्हतं. भज्यांचा कागद मात्र माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे, एक गिरकी घेऊन कड्यावरून गेलेला.

आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी वर कुठेतरी वाढलेलं असतं, म्हणून आकाश बघून काही कळत नाही. रंग बदलला, पाचोळा दिसला, आवाज जड झाला की निघायचं. मी काठावरचा एक कोरडा दगड आधीच हेरून ठेवते. तो ओला झाला की उठते, मग कोणी कितीही "पाच मिनिटं" म्हणो. आणि कठड्याच्या पलीकडे मी कधीच जात नाही, कोणाला जाऊही देत नाही. पाहुणे रागावले तर रागावले.

बारीकसारीक

धबधब्याजवळ नदीवर असलेला झुलता पूल सुमारे २०० मीटर लांब आहे आणि बघण्यासारखा आहे, पण बंद असला तर बंद. फाटकावरून चढू नका.

साठ लिटरची सॅक इथल्या साध्या बसमध्ये आणू नका. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना ११ जून २०२३ पासून साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट झाला आणि बस भरून वाहतात, ते चांगलंच झालं. पण त्या गर्दीत तुमची सॅक कुणाच्या तरी मांडीवर येते. मोठं सामान बेळगावात ठेवा, दिवसाची पिशवी घेऊन या. आमच्याकडच्या बायकांनी आधार कार्ड आणि शून्य रुपयांचं तिकीट, दोन्ही जवळ ठेवायचं. महाराष्ट्रातून येणाऱ्या बायकांना ही सवलत नाही आणि तिकडची अर्ध्या तिकिटाची सवलत हद्दीपर्यंतच, त्यावरून कंडक्टरशी वाद घालू नका.

पौर्णिमेला शक्यतो नको. बेळगावच्या स्टँडवर सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्यांची गर्दी असते.

सीमाप्रश्न तापला की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवरच थांबतात, डिसेंबर २०२२ मध्ये आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तसं झालं. निघायच्या दिवशी सकाळी स्टँडवर चौकशी करा.

गोडचिनमलकीचा धबधबाही त्याच दिवशी उरकायचा हट्ट करू नका. तो मार्कंडेय नदीवर आहे, सुंदर आहे, पण बसनं जायचं तर त्याला वेगळा दिवस द्या. उरकायचं असेल तर दोन्हीकडे जाऊ नका असंच मी म्हणेन.

करदंट, म्हणजे गोकाकची डिंक-सुकामेव्याची मिठाई, परतताना घ्या. सकाळीच घेतला की दिवसभर सॅकमध्ये ओल्या टॉवेलखाली राहतो.

आणि परतीची बस. फॉल्सवर उतरतानाच, बस सुटायच्या आधी कंडक्टरला विचारा, "लास्ट बस एष्टक्क ऐत्रि?", म्हणजे शेवटची बस किती वाजता आहे? तो जी वेळ सांगेल तिच्या आधीची बस धरायची, कारण शेवटची भरून येते आणि कधी कधी थांबत नाही. मी साडेचारला सॅक पाठीला लावते आणि रस्त्यावर येऊन उभी राहते. धबधब्याचा आवाज तिथपर्यंत येतच असतो.