युरेनिल संयुगांच्या दीप्तीवरून तापमान कसे मोजावे

युरेनिल (युरेनियम व ऑक्सिजन यांचा) आयन असलेल्या संयुगावर अतिनील प्रकाश पाडला की ते पोपटी हिरव्या रंगात उजळते, आणि तापमान वाढत जाईल तशी बहुतेक संयुगांची ही दीप्ती मंदावते. एवढ्या निरीक्षणावरून लगेच तापमापक बनवण्याचा मोह होतो. पण नुसता उजेड किती उतरला हे पाहून तापमान सांगणे हा या कामातला सर्वांत कच्चा मार्ग आहे; कारण दिव्याची शक्ती ढळली, नमुना अर्धा मिलिमीटर सरकला किंवा त्याचा थर एका बाजूला पातळ पडला, तरीही उजेड उतरतोच. म्हणून कोणते संयुग घ्यावे याचा विचार करण्यापूर्वी कोणती राशी मोजायची हे ठरवावे.

त्यासाठी ही दीप्ती निर्माण कशी होते, हे थोडे पाहावे लागते. युरेनिलमध्ये +६ ऑक्सिडीकरण अवस्थेतील युरेनियमचा अणू मधोमध असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका सरळ रेषेत दोन ऑक्सिजन अणू घट्ट बांधलेले असतात. बाहेरचे लिगंड, म्हणजे धातूला जोडले जाणारे रेणू किंवा आयन, या रेषेला काटकोनात असलेल्या पातळीत, सहसा चार ते सहा दाता अणूंनी, जोडले जातात. प्रकाश शोषला गेला की ऑक्सिजनकडील इलेक्ट्रॉन युरेनियमच्या रिकाम्या ५एफ कक्षकांत जातो. तेथून त्याचे परतणे सहजासहजी घडत नाही, म्हणून दीप्ती नॅनोसेकंदांत न संपता काही मायक्रोसेकंद, तर अनेक घन संयुगांत शेकडो मायक्रोसेकंद टिकते. वर्णपटात एक रुंद उंचवटा न दिसता पट्ट्यांची शिडी दिसते: आम्लयुक्त पाण्यात सुमारे ४८८, ५१०, ५३३ आणि ५५९ नॅनोमीटरला. या पायऱ्यांमधील अंतर सुमारे ८६० प्रति सेंटिमीटर (वर्णपटशास्त्रातले ऊर्जेचे एकक) भरते, आणि ते दोन्ही ऑक्सिजनच्या सममित कंपनाचे असते. ही शिडी आणि दीप्ती किती वेळ टिकते तो आयुःकाल या दोहोंतून तापमान वाचता येते.

संयुग निवडताना तेजापेक्षा स्थैर्याला महत्त्व द्यावे. नवखा माणूस येथेच फसतो, असे माझे मत आहे. युरेनिलला जोडलेले पाण्याचे रेणू तापवल्यावर निघून जातात, लिगंडांची रचना बदलते आणि त्याबरोबर वर्णपट व आयुःकालही बदलतात. मग आपण तापमान मोजत नसून नमुना वाळताना पाहत असतो. ऑट्युनाइट हे चमकदार खनिज पाणी गमावून मेटा-ऑट्युनाइट होते, हे याचे निसर्गातलेच उदाहरण आहे. त्यामुळे पाणी नसलेले संयुग, उदाहरणार्थ फॉस्फीन ऑक्साइडसारखे लिगंड असलेले, घ्यावे. आणि वापरायच्या कमाल तापमानाच्या बरेच वरपर्यंत त्याचे वजन घटत नाही, याची उष्माभारमापनाने (नमुना तापवत त्याचे वजन मोजण्याच्या पद्धतीने) खात्री करावी. क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड आयन युरेनिलची दीप्ती विझवतात. तांब्याचेही तसेच आहे: ऑट्युनाइटमधील कॅल्शियमच्या जागी तांबे असलेले टॉर्बर्नाइट चमकत नाही. उद्दीपित युरेनिल हा तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने अल्कोहोल किंवा ऑक्झॅलेट शेजारी असेल तर प्रकाशात रासायनिक विक्रिया होऊन संवेदकच नासतो. याच गुणामुळे युरेनिल ऑक्झॅलेटचे द्रावण प्रकाशाची मात्रा मोजण्यासाठी वापरले जात असे. तापमापकात मात्र तो दोष ठरतो.

प्रत्यक्ष हाताळणीपूर्वी आपल्या देशाच्या नियमांनुसार परवाना आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची संमती घेणे अनिवार्य समजावे. हेन्री बेकरेल यांना १८९६ साली किरणोत्सर्गाचा शोध लागला तो पोटॅशियम युरेनिल सल्फेट या अशाच एका दीप्तिमान क्षारामुळे, हे विसरू नये. नैसर्गिक युरेनियमच्या एका मिलिग्रॅममध्ये दर सेकंदाला सुमारे २५ विघटने होतात. ही मात्रा लहान आहे. पण पूड श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात गेल्यास युरेनियमची रासायनिक विषारता मूत्रपिंडांना इजा करते, आणि अल्प प्रमाणाच्या बाबतीत हाच धोका अधिक मोठा असतो. म्हणून कोरडी पूड उघड्यावर कुटू नये, नमुना काचेच्या किंवा क्वार्ट्‌झच्या बंद कुपीत ठेवावा आणि कचरा वेगळा साठवावा. युरेनिल नायट्रेट ईथरमध्ये कधीही विरघळवू नये, कारण असे द्रावण स्फोटक ठरू शकते.

आता राशीकडे वळू. पहिला पर्याय गुणोत्तराचा आहे. उद्दीपित अवस्थेच्या वरच्या कंपनपातळीवरून निघणारा क्षीण ‘उष्ण पट्टा’ मुख्य पट्ट्याच्या निळ्या बाजूला दिसतो, आणि या दोन पट्ट्यांच्या तीव्रतांचे गुणोत्तर बोल्ट्झमान नियमाने (कोणत्या तापमानाला किती आयन वरच्या पातळीवर असतात हे सांगणाऱ्या नियमाने) बदलते. पातळ्यांमधील अंतर ७०० प्रति सेंटिमीटर धरले, तर ३०० केल्व्हिनला सापेक्ष संवेदनशीलता, म्हणजे एका केल्व्हिनला गुणोत्तरात होणारा टक्केवारीतला बदल, प्रति केल्व्हिन सुमारे १.१ टक्के येते. कागदावर हीच संख्या १०० केल्व्हिनला १० टक्क्यांवर जाते. पण तेव्हा वरच्या पातळीवर लाखात चारच उद्दीपित आयन उरतात आणि मोजायला पट्टाच शिल्लक राहत नाही. संवेदनशीलतेचा मोठा आकडा दिसला की त्या तापमानाला संकेत किती होता, हे आधी विचारावे.

दुसरा आणि मला अधिक भरवशाचा वाटणारा पर्याय आयुःकालाचा आहे. त्याला दिव्याची शक्ती किंवा थराची जाडी बाधत नाही. तापमान वाढले की दीप्ती न देता ऊर्जा गमावण्याचा वेग आर्‍हेनियस नियमाने वाढतो आणि आयुःकाल आखूड होतो. सक्रियण ऊर्जा (दीप्ती न देता ऊर्जा गमावण्याची वाट खुली होण्यासाठी लागणारी ऊर्जा) प्रति मोल ४० किलोजूल असेल आणि हीच वाट प्रबळ असेल, तर २५ अंश सेल्सिअसला आयुःकाल प्रति केल्व्हिन सुमारे ५.४ टक्के बदलतो. म्हणजे तो एक टक्का अचूकतेने मोजता आला तर तापमान सुमारे ०.२ केल्व्हिनपर्यंत सांगता येते.

उपकरणे फार लागत नाहीत. ३६५ किंवा ४०५ नॅनोमीटरचा स्पंदित एलईडी, ४५५ नॅनोमीटरच्या पुढचा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, प्रकाशगुणक नलिका (क्षीण प्रकाश टिपणारा संवेदक) आणि जलद ऑसिलोस्कोप (संकेताचा आलेख दाखवणारे यंत्र) एवढ्यावर काम भागते. एलईडी विझल्यानंतरचे पहिले एक-दोन मायक्रोसेकंद सोडून द्यावेत, म्हणजे विखुरलेला प्रकाश आणि गोंदासारख्या सेंद्रिय पदार्थांची अल्पायुषी दीप्ती आपोआप गळून पडते. मात्र संयुगाचा आयुःकाल याहून बराच मोठा असायला हवा. ऱ्हासाचा वक्र एकाच घातांकी फलनात बसत नसेल, तर आकडेमोडीशी खटपट करण्याआधी नमुना शुद्ध आणि एकाच रचनेचा आहे का, हे तपासावे.

अंशांकन करताना, म्हणजे आयुःकालाची ज्ञात तापमानाशी सांगड घालताना, तापयुग्म (दोन धातूंच्या तारांचा तापमापक) नमुन्याला शक्य तितके चिकटवून ठेवावे, प्रत्येक पायरीला वाचन स्थिर होईपर्यंत थांबावे आणि चढत्या क्रमाने घेतलेली सर्व वाचने उतरत्या क्रमानेही घ्यावीत. दोन्ही वक्र एकमेकांवर बसले नाहीत, तर त्या संयुगाचा नाद सोडावा. एलईडीची शक्ती निम्मी करून आयुःकाल पुन्हा मोजावा. तो वाढला तर प्रकाशानेच नमुना तापत होता असे समजावे. हे पूर्ण चक्र किमान तीन वेळा करावे आणि वाचनांतील फरकावरून अनिश्चितता काढावी.

युरेनिलबरोबर युरोपियम घातल्यास सुमारे ६१५ नॅनोमीटरचा लाल पट्टा मिळतो आणि हिरव्या-लालचे गुणोत्तर साध्या कॅमेऱ्यानेही टिपता येते, त्यामुळे पृष्ठभागावरील तापमानाचा नकाशा काढायचा असेल तर ही जोडी सोयीची पडते. मात्र युरेनिलकडून युरोपियमकडे होणारे ऊर्जेचे संक्रमण दोन्ही धातूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. नवा घाणा (एका वेळी बनवलेला साठा) तयार केला की जुना अंशांकन वक्र त्याला लावू नये, आणि प्रत्येक कुपीवर घाण्याचा क्रमांक व अंशांकनाची तापमान-मर्यादा लिहून ठेवावी.