क्रिकेटच्या जुन्या वस्तूंच्या लिलावात बोली लावायची असेल तर

कॅटलॉग हाती आला की फोटोआधी त्याखालचा बारीक मजकूर वाचा. 'सामन्यात वापरलेली बॅट', 'सही केलेली बॅट' आणि 'अमक्याच्या संग्रहातली बॅट' यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि वर्णन लिहिणारा शब्द मोजूनमापून वापरतो. सामन्यात वापरलेली म्हणताय, तर कोणत्या सामन्यात? उत्तर मिळालं की त्या सामन्याचे जुने फोटो धुंडाळा. स्टिकरचा उचकटलेला कोपरा, कडेवरचे चेंडूचे डाग, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाकडातल्या उभ्या रेषा ताडून पाहा. दोन बॅटींच्या रेषा तंतोतंत सारख्या नसतात. डागांचा रंगही बोलतो. १९८३ च्या विश्वचषकात चेंडू लाल होता, १९९२ पासून पांढरा. त्यानंतरच्या विश्वचषकातली म्हणून दाखवलेली बॅट लाल डागांनी भरलेली असेल, तर ती नेटमध्ये किंवा कसोटीतही खेळली का, हे विचारायलाच हवं. या कामात अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या.

सहीसाठी भिंग हवं. छापील सहीत बारीक ठिपके दिसतात. पेनाच्या सहीत शाई कुठे दाट, कुठे फिकी, वळणावर दाबलेली. खेळाडूची सही वर्षांगणिक बदलते, म्हणून त्याच काळातल्या खात्रीच्या सह्या शेजारी ठेवून बघा. अख्ख्या संघाच्या सह्या असतील तर त्या दौऱ्याचा संघ काढा; दौऱ्यावर नसलेल्याची सही दिसली तर तो लॉट, म्हणजे लिलावात क्रमांक देऊन मांडलेली ती वस्तू, सोडा. विकणाऱ्यानेच स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं प्रमाणपत्र मी तरी रद्दीत धरतो.

भावाचा अंदाज बांधताना मदतनिधीच्या लिलावांचे आकडे बाजूला ठेवा. वानखेडेवर २०११ च्या अंतिम सामन्यात धोनीने वापरलेली बॅट त्याच वर्षी लंडनच्या एका मेजवानीत १ लाख पौंडांना गेली. शेन वॉर्नची कसोटी टोपी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांच्या मदतीसाठी १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर गेली. तिथे लोक वस्तूइतकेच कारणासाठीही पैसे देतात. कॅटलॉगमधल्या अंदाजित किमतीवरही विसंबू नका. क्रिकेटबाहेरचं उदाहरण द्यायचं तर ब्रिस्टलमध्ये २०२० साली गांधीजींच्या चष्म्याचा अंदाज १५ हजार पौंड होता आणि तो विकला गेला २ लाख ६० हजारांना.

आता खिसा. हातोडा पडतो ती किंमत शेवटची नसते. वर लिलावगृहाचा प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं कमिशन, बसतो; त्याचा दर नियमावलीत असतो. २५ टक्के धरला तर एक लाखाच्या बोलीवर २५ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटीचे साडेचार हजार, म्हणजे १,२९,५००. वस्तूवर कर असेल तर तो वेगळाच. परदेशातून आणणार असाल तर कुरियर, विमा आणि कस्टम ड्युटी आधी विचारून घ्या. बाहेर पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. ती आपल्याला कशाला आडवी येते, पण बँकेचे फॉर्म मात्र नक्की येतात. सगळं धरून उलटा हिशेब करा आणि आपली कमाल बोली कागदावर लिहा. ती गोल आकड्यावर ठेवू नका. बरेच जण ५० हजारांवर थांबतात, तिथे बोलीची पुढची एक पायरी कामाला येते.

नावनोंदणी, पॅन, अनामत रक्कम हे सगळं काही दिवस आधी उरका. लिलावाच्या सकाळी खातं मंजूर होत नाही. लॉटची स्थिती कशी आहे हे लेखी मागवा, कारण 'आहे तशी' विकलेली वस्तू नंतर परत घेत नाहीत. ऑनलाइन बोली लावताना इंटरनेट दगा देईल असं वाटत असेल तर आगाऊ लेखी बोली देऊन ठेवा.

बोली लागली तर बिलावर नुसतं 'क्रिकेट बॅट' चालत नाही. लॉट क्रमांक आणि कॅटलॉगमधलं पूर्ण वर्णन लिहून घ्या, आणि वस्तू किती दिवसांत उचलायची तेही तेव्हाच विचारा. मुदतीनंतर गोदामाचं भाडं लागू शकतं.