जुन्या चिनी वाडग्यावरचा रंग का उडतो? या चुका टाळा

चिनी मातीचं भांडं टणक असतं, त्याला धुतल्यानं काय होणार, हीच पहिली चूक. चीनमधल्या जिंगडेजेनच्या भट्ट्यांत वाडगा सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजत. निळा रंग झिलईखाली, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराखाली, असल्यानं सुरक्षित राहतो. गुलाबी, हिरवा, पिवळा मात्र झिलईवर रंगवून पुन्हा, ७०० ते ८५० अंशांना भाजत. हे वरचे रंग म्हणजे शिसं मिसळलेली मऊ काच असते. काठाची सोनेरी रेघ तर त्याहून नाजूक.

रंग वर आहे की खाली, हे खिडकीपाशी कळतं. वाडगा तिरका धरा. उजेडाची तिरीप रंगावरून अखंड सरकली तर रंग खाली. फुलाशी येऊन तुटली, तर वर. बोट हलकंच फिरवलं की उंचवटाही लागतो. नखानं किंवा टाचणीनं खरवडून पाहू नका.

लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी तांब्या-पितळेला उजळा येतो. इथे तेच आम्ल रंगातलं शिसं ओढून घेतं आणि चमक मरते. रांगोळी, सोडा, घासणी यांनी आधी सोनं जातं. डिशवॉशरचा विचारही नको. तड्यातला चहाचा डाग घालवायला ब्लीच वापरलं तर डाग फिका होतो खरा, पण आत राहिलेले क्षार सुकताना फुगतात आणि तडा वाढतो. असा डाग राहू द्यावा, किंवा जाणकार संवर्धकाकडे न्यावा.

धुण्याआधी जुनी डागडुजी शोधा. वाडगा मऊ टॉवेलवर ठेवून काठाला बोटाच्या पेरानं हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज लांबला तर बरं. बद्द वाजला तर तडा किंवा जोड असण्याची शक्यता मोठी. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली नंतर लावलेला रंग किंवा गोंद बहुधा वेगळा चमकतो. जुन्या सांध्यांत लाखेसारखा गोंद असतो, तो गरम पाण्यात सुटतो. तुकडे जोडणारे धातूचे टाके असतील तर त्यांचा गंज मातीत उतरतो. असा वाडगा पाण्यात बुडवू नका, ओलसर कापसानं पुसा, सांधा सोडून.

धड वाडग्यासाठी प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब घाला. अंगठ्या, बांगड्या आधी काढा. वाडगा काठाला धरून उचलू नका. एक हात बुडाखाली. मऊ ब्रशनं रंगाच्या कडांतली धूळ काढा, साध्या पाण्यात विसळा. बुडाची कडा झिलईविना असते, पाणी पिते; म्हणून किमान दिवसभर सुकू द्या, मगच कपाटात ठेवा.

बुडावरच्या सम्राटाच्या नावाच्या शिक्क्यावरून काळ ठरवणं ही खरेदीतली नेहमीची फसगत. सतराव्या-अठराव्या शतकात कांगशी सम्राटाच्या काळातले कुंभारसुद्धा पंधराव्या शतकातल्या चंगहुआ सम्राटाचा शिक्का मारत. चियेनलुंग सम्राटाचा (१७३६–१७९५) तर आजही मारला जातो. इंग्रजीत ‘चायना’ लिहिलेलं असेल तर वाडगा बहुधा १८९१ नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

आणि अशा रंगीत जुन्या वाडग्यात दही, आमटी, लोणचं वाढू नका. आम्लानं सुटलेलं शिसं तुमच्या पोटात जाईल.