आखातात निघालेल्या पोरांनो, हल्ला झालाच तर

पगार किती, खोली कशी, मेसचे जेवण पोटाला मानवते का, हे सांगायला आमच्या गोव्यात, पेडणे-डिचोलीत माणसांची कमी नाही. गल्फमधून परतलेला एक तरी काका प्रत्येक वाड्यावर आहे. पण तिथे हल्ला झाला तर काय करायचे, हा विषय त्या गप्पांत निघत नाही. निघाला तरी आई स्वयंपाकघरातून "अभद्र बोलू नका" म्हणते आणि तो तिथेच बंद होतो. म्हणून एकदा लिहूनच टाकतो. व्हिसा हातात आलेल्या पोरांनी वाचावे, आणि घरच्यांनी तर नक्कीच.

आधी घाबरलेल्यांसाठी. इतक्या वर्षांत माझ्या ओळखीचे जे गेले ते हृदयविकाराने किंवा रस्त्यावरच्या अपघातात. हल्ल्यात एकही नाही. तरी हल्ले होतात आणि त्यात कामगारच सापडतो, कारण तेलाच्या टाक्यांपाशी तोच उभा असतो. १७ जानेवारी २०२२ ला सकाळी अबुधाबीच्या मुसफ्फात येमेनच्या हुथी बंडखोरांचा हल्ला झाला. अॅडनॉक या तिथल्या सरकारी तेल कंपनीच्या साठवण केंद्राजवळ इंधनाचे तीन टँकर फुटले. दोन भारतीय आणि एक पाकिस्तानी गेले, सहा जखमी झाले. मी त्याच मुसफ्फात स्पेअर पार्टच्या गोदामात स्टोअरकीपर आहे.

आमच्या गोदामाचे शटर थडथडले. एखादा सिलिंडर फुटला असेल म्हणून आम्ही बाहेर आलो, तर लांब काळा धूर. दहातल्या आठ जणांचे हात आपोआप मोबाईलकडे गेले. आमचा फोरमन मलयाळी, एरवी मवाळ माणूस, तो त्या दिवशी असा ओरडला की फोन पटापट खिशात गेले. सगळ्यांना गेटजवळच्या असेम्ब्ली पॉइंटला उभे करून त्याने हजेरीच्या कागदावरून नावे वाचायला घेतली. एका नावाला उत्तर नाही. तो नवीन पोरगा, आपल्याच सत्तरी तालुक्यातला, कोणाला न सांगता कॅफेटेरियात करक चहा आणायला गेला होता. तो सहा कप सांभाळत परत येईपर्यंत फोरमनने आम्हाला हलू दिले नाही, आणि आत शोधायला कोणाला जाऊही दिले नाही. तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता वाटते, त्या दिवशीचे सर्वांत शहाणपणाचे काम तेच होते. एकाला शोधायला दोघे आत जातात, मग त्या दोघांना शोधायला चौघे.

तर नव्या कामावर पहिल्याच दिवशी असेम्ब्ली पॉइंट कुठे ते विचारा आणि तिथपर्यंत एकदा चालून या. बाहेर पडायची दुसरी वाट कोणती तेही बघून ठेवा, कारण पहिल्या वाटेवर हमखास पॅलेट रचलेली असतात. कामाची जागा सोडताना, चहाला का असेना, एकाला सांगून जा. स्फोट झाला तर काचेपासून लांब. धूर ज्या दिशेला वाहतोय तिकडे पळायचे नाही, वाऱ्याला आडवे निघायचे. बघ्यांच्या घोळक्यात थांबू नका, पहिल्यामागून दुसरा स्फोट होऊ शकतो. लॉकरमधली बॅग राहू द्या. आमिरातीत पोलीस ९९९, रुग्णवाहिका ९९८, आग ९९७. हे पाठ करा, फोनमध्ये साठवून भागत नाही.

मोबाईलचे वेगळे सांगतो, कारण यात आपली पोरे अडकतात. गोव्यात रस्त्यावर काही झाले की आधी व्हिडिओ, मग मदत, ही सवय विमानात बसण्याआधी सोडा. २४ जानेवारीला पुन्हा क्षेपणास्त्रे आली आणि ती हवेतच पाडली गेली. त्याचे व्हिडिओ टाकणाऱ्या अनेकांना तिथल्या सरकारी अभियोक्त्यांनी चौकशीला बोलावले. अफवा आणि सायबर गुन्ह्यांचा नवा कायदा त्याच महिन्यात लागू झाला होता. नुसते फॉरवर्ड केले हा बचाव तिथे चालत नाही. गावच्या ग्रुपवर टाकलेला व्हिडिओ गावातच राहतो, असेही समजू नका.

घरी कळवायचे कसे, हे निघण्याआधी ठरवा. त्या दिवशी "दोन भारतीय ठार" एवढी बातमी गोव्यात आमच्या फोनआधी पोचली. नावे नव्हती. ज्यांचे कोणी अबुधाबीत होते त्या प्रत्येक घरात ते दोघे आपलेच असतील असे वाटले. व्हॉट्सअॅपचा कॉल तिथून लागत नाही आणि अशा वेळी साधी लाइनही मिळेलच असे नाही, पण मेसेज जातो. "मी ठीक. कामावर. रात्री फोन." बस. काय झाले, किती मेले, तुम्ही किती जवळ होता, हे लिहू नका. हा मेसेज आईला पाठवायचा नाही, घरातल्या एकाच शांत डोक्याच्या माणसाला पाठवायचा. आमच्याकडे ते काम वहिनीकडे आहे. ती बाकीच्यांना सांगते आणि गावच्या ग्रुपवर एक ओळ टाकते, म्हणजे चौकशीचे पन्नास फोन मला येत नाहीत. कपाटाच्या दाराला आतून तिने कागद चिकटवलाय: माझा पासपोर्ट क्रमांक, एमिरेट्स आयडी, कंपनीचे आणि कॅम्प बॉसचे नंबर, माझ्या खोलीतल्या दोघांचे नंबर आणि दुबईच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री ८००४६३४२. कंपनी बदलली की पहिला फोन तिला, कागद दुरुस्त करायला.

पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. मालकाने तो ठेवून घेणे आमिरातीत बेकायदा आहे, तरी "सेफमध्ये राहू दे" म्हणणारे भेटतातच. का ठेवायचा ते कुवेतहून परतलेल्या कोणाही म्हाताऱ्याला विचारा. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या, मालक पळाले, तिजोऱ्या बंद. पुढे जॉर्डनच्या अम्मानहून एअर इंडियाने पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय आणले, त्यात गोंयकार ढिगाने होते. पण अम्मानपर्यंत पोचायचे तर हातात कागद लागत होता.

आता खास आपल्याकडचे. पोर्तुगीज पासपोर्ट काढलेल्यांनी एक गोष्ट डोक्यात घट्ट बसवावी: तुमच्यासाठी भारतीय दूतावास बांधील नाही. ओसीआय कार्डाने, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाने, गोव्यात येता-राहता येते, पण परदेशात संकटात सापडलात तर तुम्ही पोर्तुगालचे नागरिक. भारताने विमान पाठवले तर त्यात जागा मिळेल हे गृहीत धरू नका. ज्या देशात पोर्तुगालचा दूतावास नाही तिथे युरोपीय संघातल्या दुसऱ्या कुठल्याही देशाच्या दूतावासाकडे मदत मागायचा तुम्हाला हक्क आहे. तो नंबर त्या कपाटातल्या कागदावर हवा. एकाच घरात थोरला पोर्तुगीज, धाकटा भारतीय, असे असेल तर दोन कागद. भारतीय पासपोर्टवाल्यांनी गेल्या गेल्या दूतावासाकडे नोंद करावी. तक्रार अडली तर घरचे गोव्यातूनही परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर टाकू शकतात.

पैशाचे बोलतो, कारण मेल्या-जखमी माणसामागे शेवटी तेच उरते. करारात एकूण पगार बघून सगळे खूश होतात. मूळ पगार बघा. आमिरातीच्या कामगार कायद्याप्रमाणे कामामुळे मृत्यू आला तर २४ महिन्यांचा मूळ पगार मिळतो, कमीत कमी १८,००० आणि जास्तीत जास्त २,००,००० दिरहम. घरकामगारांना वेगळा कायदा आहे. दोन हजार दिरहम पगारात मूळ ८०० आणि बाकी भत्ते असे असेल तर हिशेब १९,२०० चा होतो, ४८,००० चा नाही. एजंट हे सांगत नाही, सही करताना तुम्हीच विचारायचे. कंपनीच्या विम्यात युद्ध आणि दहशतवाद वगळलेला आहे का, तेही. ईसीआर शिक्क्याच्या (कामाला परदेशी जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते अशा) पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख रुपये. दहावी झालेल्या आपल्या बहुतेक पोरांना तो शिक्का नसतो, मग कोणी सक्ती करत नाही आणि विमाही कोणी काढत नाही. गोव्यातूनच स्वतःचा काढून जा.

जागा कुठली, यावर माझे मत कडक आहे. दुबईचे सांगून इराकला पाठवतोय असा वास आला तरी थांबा. २०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसुलमध्ये ४० भारतीय मजूर इसिसने पळवले. त्यांच्यातून निसटलेल्या एकाने बाकीचे ३९ मारले गेल्याचे सांगितले होते, तरी सरकारने ते मान्य करायला मार्च २०१८ उजाडले. सापडलेल्या अवशेषांची डीएनए चाचणी झाली तेव्हा. तोपर्यंत त्या आयांनी काय केले असेल? २०१४ मध्येच इराकमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिका, बहुतेक केरळच्या, जुलैत सुखरूप परतल्या. पगार दीडपट देतो म्हणून अशा ठिकाणी जाऊ नका. सौदीत खोबरला मे २००४ मध्ये परदेशी लोकांच्या वसाहतीत शिरून अतिरेक्यांनी २२ जणांना मारले, त्यात ८ भारतीय होते. ती जागा तर कुंपणाची, पहाऱ्याची. पहारेकरी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका, एवढेच.

जहाजावर जाणाऱ्या तारवट्यांनो, तुमचेही थोडे. एडनच्या आखातात ६ मार्च २०२४ ला ट्रू कॉन्फिडन्स जहाजावर क्षेपणास्त्र पडून तीन खलाशी गेले. वाचलेल्यांना भारतीय नौदलाच्या आयएनएस कोलकाताने उचलून जिबूतीला पोचवले, त्यात एक भारतीय होता. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी करार असलेल्या जहाजावर असाल तर युद्धजन्य क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या पाण्यात जायला नाही म्हणायचा हक्क असतो आणि घरी पाठवायचा खर्च कंपनीचा. गेलात तर जादा भत्ता मिळतो. नाही म्हटल्यावर पुढचे कॉन्ट्रॅक्ट मिळेल का, ही भीती खरी आहे, मी खोटे सांगणार नाही. पण हक्क आहे हे माहीत तरी असावे.

हल्ला होऊन गेल्यावर दोन-तीन आठवडे झोप उडते. आमच्या खोलीत एकजण एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की उठून बसायचा. बाकीचे हसायचे, मग हसणे थांबले, कारण दुसराही उठायला लागला. कंपनीच्या डॉक्टरला सांगा, यात लाज नाही. पहिल्या आठवड्यात राजीनामा मात्र देऊ नका. आधी सुट्टी मागा, गोव्याला या, मग ठरवा.

आणि निघायच्या आदल्या आठवड्यात बँकेत जाऊन खात्यावर नॉमिनी कोण लावलाय ते बघा. लग्नाआधी आईचे नाव दिलेले असते आणि पुढे बायको-मुले येऊनही ते तसेच राहते. गोव्याचे सिम बंद पडू देऊ नका, ओटीपी त्यावरच येतो. मुसफ्फात येणार असाल तर आधी कळवा, खोली मिळेपर्यंत दोन रात्री आमच्याकडे काढता येतील. येताना उकडे तांदूळ आणा, सोलां (आमसुले) इथे मिळतात.