देवाला आपल्या पूजेची गरज आहे का? स्वतःपुरतं कसं तपासायचं

मुलगा सात वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. मी दिवा लावत होतो आणि हा बाजूला उभा राहून म्हणतो, "बाबा, देव सगळ्यात पॉवरफुल आहे ना, मग त्याला रोज रोज तू किती मोठा, तू किती मोठा असं का सांगायला लागतं? त्याला माहीत नाही का?" मी काडी हातात धरून तसाच उभा, काडी बोटापर्यंत जळत आली, चटका बसला आणि तोंडातून काय निघालं तर "गप्प हात जोड." म्हणजे उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच. नंतर मात्र त्याने माझं डोकं खाल्लं, कारण प्रश्न बरोबर होता. तर मी हे कसं सोडवत गेलो ते लिहितोय. तुम्ही आस्तिक असा, नास्तिक असा किंवा आपल्यासारखे अधेमधे लोंबकळणारे असा, करून बघायला हरकत नाही.

सगळ्यात आधी प्रश्नाचे दोन तुकडे करा. देवाला गरज आहे का हा एक आणि माणूस पूजा का करतो हा दुसरा. वाद होतो तो हे दोन्ही एकात एक घुसल्यामुळे. लोक म्हणतात देवाला गरज नाही ना, झालं तर मग, करायचीच कशाला. अहो पण जिममधल्या डंबेलला पण तुमच्या व्यायामाची काही पडलेली नसते, म्हणून कोणी डंबेल उचलायचं सोडतं का? (उपमा थोडी लंगडी आहे, डंबेलवर कोणी प्रेम करत नाही, पण मुद्दा कळला असेल.) गरज समोरच्याला नसली म्हणून आपलीही नाही असं आपोआप होत नाही.

आता दुसरं काम, आणि इथे जरा वेळ द्या. आपण कुठल्या देवाबद्दल बोलतोय ते ठरवा. कारण गरज असलेले देव खरंच होऊन गेलेत, म्हणजे माणसांच्या कल्पनेत तरी. बाबिलोनच्या जुन्या गिल्गमेश महाकाव्यात, 11 व्या पाटीवर, महापूर ओसरल्यावर नावेतून उतरलेला माणूस बळी अर्पण करतो आणि त्या वासाने देव माश्यांसारखे घोंघावत त्याच्याभोवती जमतात. उपाशी देव. तिथे पूजा म्हणजे सरळ जेवण पोचवायचं काम. आपल्याकडे यज्ञाच्या कल्पनेतही देवाणघेवाण आहेच, गीतेच्या 3 ऱ्या अध्यायात, 11 व्या श्लोकात सांगितलंय की तुम्ही यज्ञाने देवांना पुष्ट करा, ते तुम्हाला पुष्ट करतील. हिशोब स्वच्छ आहे, त्यात मला काही वाईट वाटत नाही.

पण देव पूर्ण आहे, सगळं त्याचंच आहे असं एकदा म्हटलं की हा हिशोब मोडतो, आणि गंमत म्हणजे तो धर्मग्रंथांनीच मोडलाय, आपण उगाच समजतो की हा प्रश्न आपल्याला पहिल्यांदा सुचला. बायबलच्या 50 व्या स्तोत्रात देव जवळपास खडसावतोच की मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही, सगळं जग माझंच आहे, मी काय बैलाचं मांस खातो का. येशूचा प्रचार करत फिरणारा पौल अथेन्समध्ये भाषण करताना सांगतो की देवाला कशाची गरज आहे म्हणून माणसांच्या हातून त्याची सेवा होत नाही, श्वास देणारा तोच आहे. कुराणात 22 व्या सूरेच्या 37 व्या आयतीत आहे की कुर्बानीचं मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची तकवा, म्हणजे मनातली श्रद्धा आणि धाक. भागवतात तर प्रल्हाद नरसिंहाला तोंडावर सांगतो की प्रभू स्वतःतच भरलेला आहे, अडाणी माणसांकडून मान घ्यायची त्याला स्वतःसाठी गरज नाही. (त्यातच पुढे आरशाचं एक उदाहरण आहे, ते शेवटी घेतो, मुलाला तेच कामाला आलं.)

आणि सगळ्यात टोक कुठे आहे माहितीये? जैनांकडे. तीर्थंकर वीतराग, म्हणजे त्यांना राग नाही लोभ नाही, तुम्ही स्तुती केली तर खूश नाही आणि शिव्या दिल्या तर नाराज नाही. समंतभद्र आचार्यांनी स्तोत्रात हे सरळ लिहून ठेवलंय की हे नाथा, तुला पूजेशी काही देणंघेणं नाही आणि निंदेशीही नाही, तरीपण तुझ्या गुणांची आठवण आमचं मन धुऊन काढते. म्हणजे जो प्रसन्न होणारच नाही हे पक्कं माहीत आहे त्याची पूजा! हे वाचल्यावर मी बराच वेळ तसाच बसलो होतो, कारण "पूजा म्हणजे देवाला मस्का" हे लॉजिक इथे चालूच शकत नाही.

तर स्वतःला विचारा, तुमचा देव कुठला. पण प्रामाणिकपणे हं. माझ्यापुरतं सांगतो, चर्चेत मी पूर्ण देवाच्या बाजूने बोलतो आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आईचं ऑपरेशन चालू असताना मी बाबिलोनवाल्याशी डील करत होतो, हे होऊ दे, मी ते सोडतो, मी अमुक करतो. बहुतेकांचे दोन देव असतात, एक वादासाठी आणि एक टेन्शनसाठी.

तिसरं काम म्हणजे वही. मोबाईलवर नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल. 15 दिवस, पूजा, प्रार्थना, नमाज, ध्यान, जे काय करता त्याच्या आधी एकच शब्द लिहायचा, आज का करतोय. भीती, मागणं, सवय, आभार, घरचे ओरडतील, एकटं वाटतंय, जे असेल ते. सजवून लिहू नका, कोणी वाचणार नाहीये. गीतेने 7 व्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार केलेत, संकटात सापडलेला आर्त, जाणून घ्यायची इच्छा असलेला जिज्ञासू, काहीतरी हवं असलेला अर्थार्थी आणि ज्ञानी, आणि मला आवडलेली गोष्ट अशी की ज्ञान्याला वरचा नंबर दिला तरी चौघांनाही चांगलंच म्हटलंय, मागणाऱ्याला हाकलून दिलेलं नाही. माझ्या वहीत 15 पैकी 8 वेळा सवय, 4 वेळा मागणं, 2 वेळा भीती आणि आभार फक्त एकदा, ते पण रिपोर्ट नॉर्मल आला त्या दिवशी. लाज वाटली पण खरं तेच होतं.

मग जे जास्त निघेल त्याच्याकडे बघायचं. सवय निघाली तर फार मनाला लावून घेऊ नका, सवय ही पूजेची शत्रू नाही, फक्त त्यातली एक कुठलीतरी कृती निवडा आणि ती हळू करा, बाकीची नेहमीच्या स्पीडने उरकली तरी चालेल. मी दिवा निवडला, वात सरळ करायची, तेल सांडू द्यायचं नाही, ज्योत स्थिर होईपर्यंत तिथून हलायचं नाही. अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात ऑफिसचं निम्मं डोक्यातून उतरतं.

मागणं निघालं तर मागा की. फक्त एक टेस्ट करा, काम झालं नाही तर उद्या हात जोडाल का? उत्तर नाही असेल तर ती पूजा नाही, ऑर्डर आहे. आणि देव भावाचा भुकेला असं आपण म्हणतो, त्यात "भुकेला" शब्द आहे खरा, पण वस्तूची भूक नाही हेच सांगायचंय त्यात, म्हणून तर गीतेत पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागितलंय, म्हणजे जे कोणालाही सहज मिळेल तेच.

भीती मात्र नीट तपासा. आधी आठवा की ही भीती तुम्हाला कोणी घातली आणि त्यात त्याला काय मिळालं. जो पूर्ण आहे तो एक दिवस दिवा लागला नाही म्हणून तुमच्या मागे लागेल का? आणि कोणी म्हणत असेल की एवढे पैसे भरा नाहीतर वाटोळं होईल, तर गरज कोणालातरी आहे हे नक्की, फक्त ती देवाला नाही, समोर बसलेल्याला आहे. प्रयोग असा करा, मुद्दाम एक दिवस पूजा चुकवा आणि मन काय काय करतं ते बघत बसा. त्या दिवशी काही वाईट झालं तर लिहा, पण मग पूजा केलेल्या दिवशी काय काय वाईट झालं ते पण लिहायचं, नाहीतर आपण चुकलेल्या दिवसाचा पंक्चर टायर तेवढा लक्षात ठेवतो आणि बाकीचे चार पंक्चर विसरतो. एक सिरीयस गोष्ट, कोणाला मंत्र चुकला म्हणून पुन्हा, परत शंका आली म्हणून पुन्हा, असं तासन् तास करावं लागत असेल आणि थांबवताच येत नसेल तर ती जास्तीची भक्ती समजू नका, ओसीडी, म्हणजे तेच तेच करायला लावणारा मनाचा आजार, असू शकतो, मानसोपचार डॉक्टरला दाखवा, त्यावर उपचार आहेत.

काही जण म्हणतील गरजेचं राहू द्या, देवाची आज्ञा आहे म्हणून करतो. ठीक आहे, पण आज्ञा आणि गरज एक नाही. 12 व्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिडीस तर म्हणतो की बळी देण्याची आज्ञा झाली ती लोकांना त्याचीच सवय होती म्हणून, माणूस एका रात्रीत बदलत नाही म्हणून. म्हणजे आज्ञेतही हिशोब माणसाचाच.

राहिला मुलगा. लहान मुलांना वीतराग आणि मायमोनिडीस सांगू नका, पळून जातील. मी प्रल्हादाचं आरशाचं उदाहरण काढलं. तो म्हणतो की देवाला दिलेला मान आपल्यालाच मिळतो, चेहरा सजवला की आरशातलं प्रतिबिंब सजतं तसा. मुलाला आरशासमोर उभा केला, हातात स्केचपेन दिलं आणि सांगितलं आरशातल्या मुलाला मिशी काढ. त्याने काचेवर काढली, आणि जरा सरकला तर मिशी तिथेच, तोंड इकडे. दोनतीनदा ट्राय केलं, मग स्वतःच्याच ओठावर काढली आणि आरशातल्याला पण आली.

मी म्हटलं, बघ, देवाला मोठं म्हणायचं म्हणजे असं काहीतरी. तो म्हणाला, "मग आरसा कशाला पाहिजे, डायरेक्ट काढतो ना." मी म्हटलं काढून बघ. त्याने डोळे मिटून काढली, ती पार कानाकडे गेली. काचेवरची पहिली मिशी अजून तशीच आहे, परमनंट मार्कर निघाला तो.