बेळगावातून पहिल्यांदा जॅझ फेस्टिवलला जाताय? हे वाचून निघा

गोव्यात जॅझचा कार्यक्रम असला की जांबोटी, चोर्ला घाट, साखळी करत पणजी गाठायची, पण रात्री संपल्यावर लगेच परत फिरू नका, घाटातली वळणं अंधारात लई वाईट, मुक्कामच करा.

आता ऐकायचं कसं. घाबरू नका, आपण कुमार गंधर्वांच्या सुळेभावीजवळची माणसं, कान तयार आहेत की! आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, ती नीट डोक्यात बसवा, कारण पुढे ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो एकेकजण त्याच चालीच्या सांगाड्यावर आयत्या वेळी सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे परत चालीवर येतात, अगदी मुखड्यावर आल्यासारखं. ब्लूज नावाच्या प्रकारातली चाल असेल तर बहुतेक वेळा 12 बारचं आवर्तन, प्रत्येक बारमध्ये 4 मात्रा, बोटांवर मोजा, दोन-तीन आवर्तनांत सम सापडतेच आणि तो आनंद काय सांगू! टाळीचा ठेका 2 आणि 4 वर धरा, 1 वर नाही. एकाचं सोलो संपलं की मध्येच टाळ्या द्यायच्या, तिथे ती दादच असते. शक्यतो ड्रमरचे हात दिसतील अशी जागा धरा.